सात ऑक्सिजन

बॉयलरच्या परवान्याची तोंडी परीक्षा चार वाजता होती, आणि वहिनी आधीच दोनदा नापास झालेली. आताही नापास झाली तर कारखान्यातलं बॉयलरवरचं मदतनिसाचं काम सोडून पुन्हा पॅकिंगला बसावं लागणार होतं. म्हणून तिने नाक मुठीत धरून नणंदेचं दार वाजवलं. नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मागच्या खेपेला तिनेच चारचौघांत म्हटलं होतं, "वहिनीच्या डोक्यात हे शिरायचं नाही." तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं.

नणंदेने कागद पुढे सरकवला. "मिथेन जाळून दाखव."

वहिनीने समीकरण लिहिलं, अणू मोजले. उजवीकडे दोन हायड्रोजन कमी पडत होते. तिने पाण्यातला छोटा दोन खोडून चार केला.

"अगं, ते पाणीच राहिलं नाही. खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, शंभरदा सांगितलं तुला."

"शंभरदा नाही. एकदा. तेही उठता उठता."

नणंदेने घड्याळ पाहिलं. सव्वादोन वाजले होते. मग ती समोरची खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "हे बघ. पाण्याचा रेणू जसा आहे तसाच राहणार. असे किती घ्यायचे, तेवढंच आपल्या हातात. आकडा पुढे लिही."

तीन वाजेपर्यंत मिथेन जमलं. पुढचं काही घ्यायला वेळच उरला नाही.

चार वाजता परीक्षकाने फळ्यावर इथेन लिहिलं. वहिनीने खडू उचलला. कार्बन जुळला, हायड्रोजन जुळला. उजवीकडे ऑक्सिजन भरले सात. डावीकडे तर ते जोडीनेच येणार. खडू खालच्या आकड्याकडे वळला आणि थबकला.

"जमत नसेल तर सोडा, बाई."

"थांबा, साहेब."

एका इथेनला सात. मग दोन घेतले तर? चौदा. म्हणजे सात जोड्या. तिने भराभर सगळे आकडे दुप्पट केले आणि डावी-उजवी बाजू पुन्हा मोजली.

"हवा कमी पडली तर?" परीक्षकाने विचारलं.

"धूर काळा येतो, विषारी वायू होतो. आधी हवेची झडप बघायची." हे ती बॉयलरवर रोज बघत होती; कुणी शिकवायची गरज नव्हती. परीक्षकाने सही केली.

बाहेर फाटकाशी नणंद उभी होती. "काय आलं?"

"इथेन. झाले पास."

"ते तर मी घेतलंच नव्हतं." नणंदेचा आवाज उतरला. "वहिनी, मी त्या दिवशी बोलले ते..."

"बोललीस खरी," वहिनी म्हणाली. "गाडी कुठे लावलीस? चल, वाटेत सांगते ते सात ऑक्सिजन कसे जुळवले."