मैलकुलीच्या लाव्या

खांब गावाकडून रोह्याला जाणाऱ्या रस्त्याचे दोन मैल जनूच्या हवाली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं. अशा माणसाला मैलकुली म्हणत. जनू कामचुकार नव्हता, पण हट्टी होता. एका वर्षी डावी कड कापी, पुढल्या वर्षी उजवी. करवंदीची वई, म्हणजे कडेचं काटेरी कुंपण, फळं संपल्याखेरीज छाटत नसे. कापलेलं सगळं वईच्या बुडाशी ढीग करून ठेवी, कारण त्यात लाव्या राहत. पोटी मूल नव्हतं. त्या पाखरांत त्याचा जीव गुंतला होता.

चौऱ्याण्णवच्या चैत्रात नवा साहेब जीपमधून आला. कुणी बडा पाहुणा येणार होता, त्यामुळे साहेबाला रस्ता तेल लावून विंचरलेल्या डोक्यासारखा हवा होता. दोन दिवसांत ढीग हलवा, नाहीतर पेटवून देतो, म्हणाला. जनूने हात जोडले, सात पिल्लांची लावी आहे म्हणून सांगितलं. साहेब हसला.

वईपलीकडेच जनूचं शेत होतं. बायको शकू म्हणाली, तिकडे ओढू, भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, त्या राबाला होईल. दिवसभर दोघांनी पेंढी पेंढी झाडून ढीग शेतात नेला. लावी पिल्लं घेऊन समोरच्या न कापलेल्या कडेला गेली, ती जनूने डोळ्यांनी पाहिली. त्याला हायसं वाटलं.

सकाळी राब पेटवण्याआधी त्याने तरीही ढिगावर काठी आपटली. खोकत, हाका मारत तीन फेऱ्या घातल्या. काही हललं नाही. मग त्याने काडी लावली.

आग मध्यावर आली तेव्हा लावी उडाली. एकटीच. जनू हिरवी फांदी घेऊन धावला. हात भाजले, शकूने त्याला ओढून बाहेर काढलं. राब निवल्यावर सातही पिल्लं एकमेकांना चिकटलेली सापडली. रात्री ती आपला ढीग शोधत आली होती.

"मी एवढं ठोकलं गो," जनू म्हणाला. "आवाज दिला. का नाय उठली?"

शकूला खोटं बोलता येत नसे.

"दुसऱ्या कुनी ठोकलं असतं तर उठली असती. तुमच्या काठीला ती कधी भ्यायली?"

त्या दिवसापासून जनू पत्र्याचा डबा बडवत वईच्या कडेने जाऊ लागला. एखादी लावी उठलीच, तर ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्यामागे ओरडत धावे, आणि मग रस्त्यातच बसून रडे.