अर्धं होईपर्यंत

गावात कुणाचीही मोटर बंद पडली की पहिली हाक मामांना जायची. मोटरी दुरुस्त करण्यातच त्यांचे केस पिकले होते, आणि हे ते समोरच्याला दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच. बोअर कुठे घ्यावी, पाइप किती खोल सोडावा, पाणी कसं प्यावं, कुणी न विचारताही सांगायचे. लोक गालातल्या गालात हसायचे आणि मामा सांगतील तसंच करायचे.

पाणी उकळण्यात तर त्यांचा शब्द म्हणजे कायदा. पातेल्यातलं पाणी अर्धं होईपर्यंत शेगडीवरून उतरवायचं नाही. त्यांची बायको तापाने गेली, आणि तो ताप पाण्यातून आला असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासूनचा हा कायदा. त्यावरून चेष्टा करायची हिंमत कुणाला नव्हती.

लेक बाळंतपण उरकून तान्ह्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. जावई दूर कामाला होता. तिला दूध पुरेना म्हणून बाळाला डब्यातली पावडर सुरू केली. त्यासाठी पाणी उकळण्याचं काम मामांनी कुणाला दिलंच नाही. घरामागच्या बोअरचं पाणी काढायचं, पातेलं घासून पुसून चढवायचं आणि समोर राखण करत बसायचं. आत बाळ भुकेने टाहो फोडायचं.

"पुरे ना आता, बाबा. घसा सुकला त्याचा," लेक म्हणायची.

"रडू दे गं जरा. अर्धं झाल्याशिवाय देणार नाही मी."

मग बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले. थंडी असेल म्हणून मामांनी अंगावर आणखी एक दुपटं घातलं. दुसऱ्या दिवशी नखंही निळी झाली, तेव्हा ते हातातलं काम टाकून गाडी काढायला धावले. दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले. गेलं तेव्हा बाळ तीन महिन्यांचंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पाणीतपासणीची बाई आली आणि बाटल्या भरून घेऊन गेली. परत आली तेव्हा लेक औषधाने झोपली होती. ती आणि मामा, दोघं मागच्या अंगणात बोअरपाशी उभी राहिली. बोअरला लागूनच शेणखताचा खड्डा होता आणि पलीकडे खत टाकलेलं शेत. विजेची तार जवळ पडते म्हणून ही जागा मामांनीच निवडली होती.

"खतातलं नायट्रेट झिरपून खाली गेलंय," बाई म्हणाली. "सगळ्या गल्लीचं पाणी तसंच आहे. मोठ्या माणसांना लगेच जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते सोसत नाही."

"पण मी उकळत होतो की! अर्धं होईपर्यंत!"

बाईने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "उकळून जंतू मरतात, मामा. हे मरत नाही. पाणी आटतं आणि हे सगळं खाली राहतं."

भाजी आटली की खारट होते, हे मामांना कुणी समजावायला नको होतं. ते तिथेच खड्ड्याच्या काठावर बसले.

लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं, पाणी खराब होतं. पुढचं जिभेवर येईना. आणि लेक तर त्यांचीच समजूत घालायची. "आपण काही कमी केलं का, बाबा? तुम्ही किती जपलंत. पाणी तरी आपण उकळूनच दिलं." हे ऐकलं की मामा ताटावरून उठायचे. तिला तेवढाच आधार होता, तो कसा काढून घ्यायचा?

बोअरचं पाणी पिऊ नये, अशी सूचना गल्लीत घरोघरी चिकटली होती. टँकर कधी यायचा, कधी तोंड दाखवायचा नाही. एका सकाळी टँकर आला नाही म्हणून लेक शेजारी टँकरचं उरलंसुरलं पाणी मागायला गेली, मागोमाग रिकामी कळशी घेऊन मामाही. शेजारणीच्या सुनेचं बाळ महिन्याचं होतं, तेही पावडरच्या दुधावर. सून ओट्यापाशी उभी होती आणि पातेलं रटरटत होतं.

"हे कसलं पाणी?" मामांनी दारातूनच विचारलं.

"बोअरचंच," शेजारीण म्हणाली. "घाबरू नका, मामा. कागदावर लिहिलंय ते वाचलंय आम्ही. पण तुमच्याच पद्धतीने करतोय, अर्धं होईपर्यंत."

मामांनी लेकीकडे पाहिलं. ती मान डोलावत होती. बरोबर करतेस, असं तिचा चेहरा सांगत होता.

"उतरव ते," मामा म्हणाले. मग आत येऊन पुन्हा म्हणाले, "उतरव! उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं ते दाट होतं. जितकं उकळावं तितकं वाईट. मी... मी अर्धं करून दिलं आमच्या बाळाला."

सुनेने घाईघाईने गॅस बंद केला. आत तिचं बाळ रडायला लागलं, पण कुणी हललं नाही.

लेक वडिलांकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

"मी म्हणत होते ना, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "रोज म्हणत होते, पुरे आता."