पायाशी मारलेली गाठ

बोट इतकी हळू चालली होती की काठावरून कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. अप्पांनी ते पाहिलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, "किल्लारीच्या बाजाराला आपली बैलगाडी याच्यापेक्षा लवकर जायची."

तुळजाबाई नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं.

दोष बोटीचा नव्हता, सुट्टीच तशी होती. फ्रान्समध्ये इंजिनिअर असलेल्या सुदर्शननं आईबापाला चार वर्षं बोलावून बोलावून जीव काढला, आणि दोघं एकदाची आल्यावर त्यांना ना बर्फ दाखवला ना उंच मनोरे. त्यानं घरासारखी एक बोट भाड्यानं घेतली. आत दोन खोल्या, गॅस, न्हाणीघर आणि मागे दोन खुर्च्या टाकण्यापुरती मोकळी जागा. सात दिवस कालव्यातून जायचं, वाटेल तिथं थांबायचं, बस. डावीकडे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्या पलीकडे भूमध्य समुद्र. उजवीकडे खाऱ्या पाण्याची उथळ तळी, त्यांत गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे. निघाले त्या गावाला दगडी कोट होता, तो बघून अप्पा म्हणाले की कंधारचा किल्ला याच्याहून मोठा आहे, आणि त्यांचं स्थलदर्शन तिथंच संपलं. सूनबाई दवाखान्यात नोकरीला, तिला रजा मिळाली नव्हती. सुदर्शन पुढे सुकाणू धरून उभा राहायचा आणि हे दोघं मागे खुर्च्यांवर. करायला काही म्हणजे काही नव्हतं. तुळजाबाईंना नेमकी त्याचीच धास्ती होती.

नवऱ्याशेजारी सलग सात दिवस रिकामं बसायची वेळ त्यांच्यावर तेवीस वर्षांत आली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांनीच ती येऊ दिली नव्हती.

सुदर्शन दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा सगळ्यांच्या आया करतात तेच तुळजाबाईंनी केलं. भांडीकुंडी बांधली आणि पोराबरोबर लातूरला क्लासेसच्या गल्लीत एक खोली घेतली. त्या इमारतीत सगळ्या अशाच बायका, एक चाकूरची, दोन कंधारच्या, एक पार देगलूरकडची. नवरे गावी शेतात आणि या इथं कुकर लावून, पोरगं फिजिक्सच्या क्लासवरून कधी येतं याची वाट बघत. दोन वर्षांनी निकाल लागला की बायका गाशा गुंडाळून आपापल्या गावी परतायच्या. तुळजाबाई परतल्या नाहीत. त्यांनी तिथंच क्लासच्या पोरांसाठी खानावळ घातली आणि बारा वर्षं चालवली. अप्पा शेतातल्या पत्र्याच्या शेडात एकटे. दर शनिवारी ते एसटीनं ज्वारी आणि माळवं घेऊन यायचे, पोरांच्या पंगतीला बसून जेवायचे, "चलतो मग" म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. लोक म्हणायचे, लेकरासाठी काय त्याग केला बघा दोघांनी. लोकांचं काय जातं बोलायला.

अप्पांना एक सवय होती. किल्लारीच्या भूकंपानंतर ती त्या भागातल्या निम्म्या माणसांना लागली होती. झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि त्याच्या काठावर स्टीलचा ग्लास तोलून ठेवायचा. जमीन हलली की ग्लास पडेल, आवाज होईल, माणूस बाहेर पळेल. बाकीच्यांनी वर्ष-दोन वर्षांत ते सोडून दिलं. अप्पा दुपारी अर्धा तास लवंडले तरी ग्लास ठेवत. बोटीवरही त्यांनी तेच केलं. शेजारून दुसरी बोट गेली की लाट यायची, ग्लास खणकन पडायचा, अप्पा धडपडत उठून दाराशी जायचे आणि चहूकडे पाणी बघून ओशाळून परत यायचे. पहिल्या दिवशी दुपारच्या एका झोपेत चार वेळा. सुदर्शनला हसू आवरेना, आणि मग आईचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं.

तरी अप्पा लेकाचं मन मोडत नव्हते. त्यानं एकदा निळ्या रेघांचं, मोज्यासारख्या वासाचं चीज पावावर लावून दिलं आणि विचारलं, "आवडलं का, अप्पा?"

"लई भारी हाय," अप्पा उजव्या कानाची पाळी चोळत म्हणाले.

तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला. खोटं बोलताना हा माणूस कानाची पाळी चोळतो, हे त्यांना लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. तेहतीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, अप्पांनासुद्धा नाही. बायकोकडे असलं काहीतरी शिलकीत असावंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारं सुटलं. बोट काठाला बांधून सुदर्शन आत बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला. तुळजाबाईंनी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, दोन्ही बाजूंनी खाली दाबलं आणि पायाशी दोन टोकांची गाठ मारली. लेकरं झोपेत पांघरूण लाथाडतात, म्हणून त्यांनीच काढलेली ही युक्ती. त्यांच्या माहेरी नाही, सासरी नाही, आणखी कुणी असली गाठ मारत नसे. सुदर्शन उठला तेव्हा पाय अडकून पडता पडता वाचला.

"आई, मी तीस वर्षांचा झालो."

"लाथा तर आजून तशाच मारतोस."

सुदर्शन हसला. अप्पा मात्र त्या गाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग बाहेर जाऊन बसले. तुळजाबाईंच्या ते नजरेतून सुटलं नाही, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

त्या गाठीपाशीच त्यांचं सगळं अडलेलं होतं. किल्लारीच्या पलीकडचं त्यांचं गाव पहाटे जमीनदोस्त झालं, त्याच्या आदल्या संध्याकाळी गणपती बोळवले होते. अप्पा आणि सात वर्षांचा सुदर्शन अंगणात बाजेवर झोपले. पाच वर्षांची सरू दारालगतच्या ढाळजेत, आईजवळ. पोरीला खोकला होता. अप्पांना झोप लागल्यावर तुळजाबाईंना वाटलं, इथं वारं लागतंय. त्यांनी सरूला गोधडीसकट उचललं, आत माजघरात नेऊन निजवलं, गोधडी दाबली, पायाशी गाठ मारली आणि कडी न लावता दार ओढून घेतलं. पहाटे त्या परसात गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. परसाची भिंत पायावर पडली, डोक्याला मार लागला, शुद्ध आली ती सोलापूरच्या दवाखान्यात.

दीड महिन्यांनी कुबडीवर घरी आल्या, म्हणजे घर नव्हतंच, पत्र्याचं शेड होतं. सरूला अग्नी देऊनही दीड महिना झाला होता. अप्पांच्या दोन्ही हातांची नखं गेलेली होती. शेजारच्या गुणाबाईनं सांगितलं, "तुझ्या मालकानं दीड दिस ढाळज उकरली गं. हातानं. कुणाचं ऐकेना. पोरगी इथंच निजली होती म्हणायचा. तिसऱ्या दिशी जवान आले, त्यांनी माजघरातून काढली."

तुळजाबाईंनी तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणाल्या. त्या उद्याची तेवीस वर्षं झाली. नवरा समोर आला की त्यांना त्याची बोटं दिसायची आणि तोंड शिवल्यासारखं व्हायचं. लातूरला खोली घेण्याचं निमित्त मिळालं, तेव्हा आईच्या मायेनं त्या गेल्या हे खरं. पण सुटल्यासारखं वाटलं हेही तितकंच खरं.

सहाव्या दिवशी दुपारी बोट एका छोट्या गावाशी बांधलेली होती. अप्पा लवंडले होते. एक मोठी बोट शेजारून गेली, ग्लास पडला, अप्पा दाराशी धावले. या वेळी सुदर्शननं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि शांतपणे विचारलं, "अप्पा, किती दिवस हे करणार?"

अप्पांनी ग्लास उचलून धोतराला पुसला. "मी एकदा चुकलो, बाळा. पोरगी एकीकडं आन् मी भलत्याच जागी उकरत बसलो. आता चुकायचं न्हाई."

सुदर्शन थोडा वेळ बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, मग पाव आणतो म्हणून सायकल घेऊन गावात गेला.

तुळजाबाईंनी ते ऐकलं होतं. उद्या सातवा दिवस. मग विमान, मग हे शेडात आणि आपण लातुरात, आणि हा माणूस एक दिवस ही चूक आपल्याच नावावर घेऊन मरून जाणार. त्या उठल्या आणि अप्पांच्या समोर बसल्या.

"तुमी चुकला न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी नेली होती तिला आत."

अप्पांनी वर पाहिलं नाही.

"खोकत होती म्हणून माजघरात निजवली. तुमी झोपला होता. तुमाला उठवून सांगितलं असतं तर तुमी थेट तिथंच उकरलं असतं. मी सांगितलं न्हाई. तवाबी न्हाई, नंतरबी न्हाई." इतकं एका दमात बोलल्या आणि मग त्यांना रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

अप्पांनी ग्लास खाली ठेवला.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

तुळजाबाईंना आधी कळलंच नाही.

"जवानांनी बाहेर काढली तवा गोधडी तशीच होती अंगावर. दोन्ही अंगानं दाबलेली. पायाशी गाठ होती. मीच सोडली ती." अप्पा सावकाश बोलत होते, एकेक शब्द हातानं उचलून ठेवल्यासारखे. "पाच वर्षांची पोर आपल्या पायाशी गाठ मारत असती व्हय? तू नेलीस, तवाच कळलं मला."

"मग बोलला का न्हाई?"

"तुला वाटत आसंल की मला ठाव न्हाई. म्हणलं, तेवढा आधार तरी ऱ्हाऊ दे तुला."

"आन् आत्ता लेकाला सांगितलं, मी चुकलो म्हणून."

"चुकलोच की. पोरगी दिसभर खोकत होती. तू तिला वाऱ्यात निजू देणार न्हाईस, एवढं माझ्या टकुऱ्यात यायला पायजे होतं. तुझ्यासंगं दहा वर्षं काढली होती मी."

पलीकडच्या तळ्यात रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि थोडं पुढे जाऊन परत बसला. तुळजाबाईंना स्वतःची कीव आली, नवऱ्याची त्याहून जास्त. किती शनिवार हा माणूस एसटीतून उतरून पंगतीला बसला असेल, आणि आपण दरवेळी त्याच्या पानात भाकरी टाकून पाठ फिरवली.

"मला तुमचं तोंड बघवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून लातूर सोडलं न्हाई."

"व्हय. मला वाटायचं, मी पोरीला काढू शकलो न्हाई म्हणून तुला माझं तोंड नकोसं झालंय." अप्पांनी डोळे पुसले. "म्हणून मी कदी चल म्हणालो न्हाई. मुक्कामाचं नाव काढलं न्हाई."

लातूरची चौदा वर्षं. एवढ्या मायेची दोन माणसं, एकमेकांना जपता जपता एकमेकांवाचून म्हातारी झाली. याचा राग कुणावर काढावा, हे तुळजाबाईंना कळेना. त्यांनी हात पुढे केला आणि अप्पांची बोटं हातात घेतली. नखं केव्हाच परत आली होती, पण वेडीवाकडी, जाड. इतक्या वर्षांत त्यांनी त्या नखांना पहिल्यांदा हात लावला.

आता एकच राहिलं होतं. ते विचारायचं नाही असं त्यांनी सोलापूरच्या दवाखान्यातून आल्या दिवशी ठरवलं होतं, पण आज तोंड उघडलंच होतं.

"तुमी ढाळज उकरत होता तवा," त्या म्हणाल्या, "आतून काही आवाज आला होता का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "आदीच गेली होती ती. पैल्याच धक्क्याला. डाक्टरनं सांगितलं मला, काही कळलं नसंल तिला."

आणि तुळजाबाईंच्या हातातला आपला उजवा हात हळूच सोडवून घेऊन त्यांनी कानाची पाळी चोळली.

तुळजाबाई बघत राहिल्या. समोरच्या माणसानं तो आवाज दीड दिवस ऐकला होता आणि तेवीस वर्षं एकट्यानं सांभाळला होता. मला माहीत आहे, असं आता त्या म्हणाल्या असत्या तर त्याच्याजवळ बायकोला द्यायला काहीच उरलं नसतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लेकराला त्रास झाला न्हाई."

"न्हाई, न्हाई," अप्पा म्हणाले.

काठावर सायकलची घंटी वाजली. सुदर्शन लांबच लांब पाव काखेत धरून येत होता. तुळजाबाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि अप्पांना म्हणाल्या, "लवंडा जरा. झोपमोड झाली तुमची."

अप्पा आत जाऊन आडवे झाले. तुळजाबाईंनी तांब्यात ताजं पाणी भरून तो उशाशी ठेवला आणि त्याच्या काठावर ग्लास तोलून ठेवला, अप्पा ठेवायचे तसाच. मग त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, दोन्ही बाजूंनी दाबलं. पायाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"मार," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

त्यांनी गाठ मारली आणि अप्पांना झोप लागेपर्यंत तिथंच पायाशी बसून राहिल्या.