खांदा गेलेला कोट

काजताईनं कोटाची कॉलर उसवायला घेतली. अस्तराचे चार टाके ब्लेडच्या टोकानं उचलले, आतलं कॅनव्हास बोटानं उलटं केलं आणि तिचा हात थांबला. कॅनव्हासवरचे तिरके टाके उलट्या बाजूला झुकलेले होते.

बाबांचे टाके असे झुकत नसत. कुठल्याच उजव्या हाताचे झुकत नाहीत. या दुकानात डावखुरी एकटी तीच, आणि आयुष्यात तिनं कोट एकच शिवला होता, एकोणिसाव्या वर्षी, शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी, कापण्यापासून इस्त्रीपर्यंत. तो बिघडला होता. "खांदा गेला गं," बाबा म्हणाले होते. कापड फेकून द्यावं लागलं. त्याच ताग्यातलं दुसरं आणून बाबांनी म्हणे दोन दिवसांत मुख्याध्यापकांचा कोट नव्यानं शिवला आणि स्वतः जाऊन घरी पोचवला.

तिला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. उलट संध्याकाळी सिनेमाला नेलं, मध्यंतरात आइस्क्रीम घेऊन दिलं. "कापणं प्रत्येकाच्या हाताला नसतं. तुझी काजं बघ, कशी मोत्यासारखी पडतात." त्यानंतर तिनं कापायची कात्री धरली नाही. सव्वीस वर्षं काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली. गिऱ्हाइकं गमतीनं काजताई म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं.

बाबांना जाऊन महिना झाला होता. आज पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी सभा होती. तिथं ती दोन शब्द बोलणार होती, आणि बोलणार होती ते हेच. बिघडलेल्या कोटाची गोष्ट. बाबांचं मन किती मोठं होतं हे सांगायला तिच्याजवळ याहून चांगली गोष्ट नव्हती.

कोट सकाळीच आला होता. मुख्याध्यापक बदली होऊन कधीचे गेले होते, ते निवृत्त होऊन अलीकडेच परतले होते.

"कॉलर मानेपासून सुटतेय, तेवढी बसवून द्या. टेलरमास्तरांच्या सभेला मास्तरांचाच कोट घालणार आहे. इतकी वर्षं झाली, पण खांदा तसूभर हललेला नाही बघा."

ते ऐकून तिचा ऊर भरून आला होता.

आता तिनं कोट उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. एखाददुसरा टाका उलटा पडतो. शंभर पडत नाहीत.

"हा कोट मी शिवलाय," ती म्हणाली.

लेक समोर बसून बटणं निवडत होती. कसला कोट, काय बोलतेस, असं काहीतरी तिनं विचारायला हवं होतं. ती बटणंच निवडत राहिली.

"तुला माहीत होतं."

"आजोबांनी सांगितलं. दवाखान्यात होते तेव्हा."

"काय सांगितलं?"

"कोट त्यांच्याहून चांगला झाला होता म्हणाले. आजी नुकतीच गेली होती ना तेव्हा? पोरगी वर्षभरात स्वतःचं दुकान थाटेल, मग माझ्याजवळ कोण राहील, असं वाटलं त्यांना. एकदा बोलून बसले, मग मागे फिरता येईना."

"आणि तू गप्प बसलीस."

"शपथ घातली होती त्यांनी. आणि तू दिवसभर त्यांच्या उशाशी. कुठल्या तोंडानं सांगणार होते गं मी?"

काजताईला संताप आला. खोट्यापेक्षा त्या आइस्क्रीमचा जास्त आला. न केलेल्या चुकीची माफी तिनं सव्वीस वर्षं उराशी धरली होती. याच लेकीला झोपवताना ती गोष्ट कौतुकानं सांगितली होती. केसानं गळा कापतात तो असा, आणि तोही किती मायेनं! तिनं सुईत दोरा ओवला आणि कॉलर बसवायला घेतली. चार वाजता मुख्याध्यापक कोट न्यायला यायचे होते.

सभेत मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी कोटाची कड दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "मास्तरांच्या हाताला तोड नव्हती." माना डोलल्या. मग तिचं नाव पुकारलं.

"बाबा मला कधी रागावले नाहीत," ती म्हणाली.

लोक पुढचं ऐकायला थांबले. लेक हातातल्या रुमालाला पीळ घालत तिच्याकडे बघत होती. काजताई माइकपाशी बराच वेळ उभी राहिली आणि तशीच येऊन दुसऱ्या रांगेत बसली. हुंदका आला असणार असं सगळ्यांना वाटलं. शेजारच्या काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. माना खाली होत्या. तिची मात्र वर होती, कारण मुख्याध्यापकांची पाठ तिच्या अगदी पुढ्यात होती. बाबांच्या बोलण्यात थोडं तरी खरं असावं, असं तिला फार वाटत होतं. तिनं डावा खांदा पाहिला, मग उजवा, मग बाह्यांचे जोड, मग पाठीची शिवण खालपर्यंत. पुन्हा डाव्या खांद्यापासून सुरुवात केली. एवढीशी चूकही पुरली असती.

दोन मिनिटं संपली. लोक बसले. तिला एकही सापडली नव्हती.