शंभर अंशांआधीच मऊ झाले मी

मी पॉलिस्टायरीनची फिल्म बोलतेय. नावाला घाबरू नका. आमच्याच घरातलं थर्माकोल तुमच्या गणपतीच्या मखरात मिरवतं. मी मात्र इतकी पातळ, की बोटाने पुसलीत तर काय पुसलं तेही कळायचं नाही.

पंच्याण्णव साली, दसरा झाल्यावर, रबाळ्याच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. गीतांजली तिथे नवी होती, नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने गरगर फिरणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर द्रावणाचा थेंब सोडला आणि मी पसरले. मग मला तापवत ती प्रकाश टाकून जाडी मोजणाऱ्या यंत्राने माझी जाडी मोजू लागली. तापल्यावर आम्ही हळूहळू फुगतो. कडकपणा सुटला की फुगणं एकदम वाढतं. माझी जाडजूड भावंडं शंभर अंशांना मऊ होतात. मी ऐंशीलाच ढिली पडले.

प्रयोगशाळेचे प्रमुख नंदकुमार सर वैतागले. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायचा हट्ट गीतांजलीचाच होता.

"कुंकू गेलंय आत. लेन्स पूस आणि ते सँपल फेकून दे," ते म्हणाले.

माझं धाबंच दणाणलं. तिचाही चेहरा पडला. पहिल्याच कामात असा घोळ झाला, तर तिला कायम कोण करणार?

तिने लेन्स पुसली. कुंकवाचा कण खरंच निघाला. पण मला फेकायला तिचा हात धजेना. तिने आधी जाड फिल्म तापवली; ती बरोबर शंभरालाच मऊ झाली. मग मला विरघळवणाऱ्या द्रावकाचा अंश राहू नये म्हणून मला नीट सुकवलं आणि पुन्हा मोजलं. मी पुन्हा ऐंशीलाच सैलावले. खोटं कशाला बोलू? माझ्या पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून दाबणारं कुणी नाही, ते मोकळे हलतात. जाड फिल्ममध्ये असे थोडेच. माझ्यात त्यांचंच राज्य. निदान मला तरी असं वाटतं.

गीतांजलीने सरांना बोलावलं. "सर, मशीन बरोबर आहे. हीच लवकर मऊ होते. पातळ आहे म्हणून."

सर दोन्ही आलेख बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच मला डबीत ठेवलं.

"टेन्शन घेऊ नकोस. उद्या याहून पातळ कर. बघू, किती खाली येते."

ती हसली, आणि मला फार बरं वाटलं.

आता मी कपाटात आहे. माझ्यावर विश्वास बसत नसेल, तर खुशाल पुन्हा तापवा. फक्त पुसून टाकू नका.