तव्यावरची भाकर

बुधवाऱ्यातल्या कापडवाल्या शालिग्रामची बायको निर्मला भाकरी कशी थापते, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होते. ती भाकरी गरम असताना कशी लागते, हे मात्र निर्मलेला ठाऊक नव्हते. घरात आधी पुरुष जेवत, मग मुले, मग सासूबाई. तिची पाळी येईपर्यंत चूल विझलेली असे आणि भाकरीला घराण्याच्या अब्रूला शोभेल असा ताठरपणा आलेला असे.

तेव्हा साहेबाचे राज्य होते आणि बाहेर जेवणे हा पुरुषांचा प्रांत होता. इच्छापुरात देवळाच्या वाटेवर मालूबाईची खाणावळ होती. तिथे जेवून आला की शालिग्राम पुढचे दोन दिवस त्याचेच वर्णन करी, तेही निर्मलेने वाढलेल्या ताटावर बसून. त्याचे एक वाक्य तिच्या मनात घर करून बसले. तिथे म्हणे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते.

मार्गशीर्षात देवीचा नवस फेडायला सगळे बैलगाडीने इच्छापुराला निघाले, तेव्हा दशम्यांचे गाठोडे घरी फळीवरच राहिले. जी बाई कधी आमटीत मीठ विसरली नव्हती, ती अख्खी शिदोरी विसरली, आणि घरातल्या सर्वांनी ते खरे मानले. घर मोठे सज्जन होते.

दर्शन झाले, पोटात कावळे ओरडू लागले. सासूबाई मनकर्णाबाईंनी निकाल दिला की पुरुषांनी खाणावळीत जेवावे, आपण दोघी उपास करू, देवीला तेवढेच बरे वाटेल. निर्मलेचा चेहरा पडला. सासू उपाशी असताना सुनेने घास घ्यायचा, असे कुठल्या घरात होते?

पुरुष विहिरीवर हातपाय धुवायला गेले आणि तिथे कपाशीच्या भावावर अडकले. दोघी खाणावळीच्या दारात उभ्या राहिल्या, नुसत्या सावलीसाठी. आत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती. तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टम्म फुगली. मालूबाईने दोन ताटे मांडली. मनकर्णाबाईंनी तिला समजावले की अजून पुरुषमंडळी जेवायची आहेत.

"माझ्या तव्याले बाप्या-बाई कळत नाही," मालूबाई म्हणाली. "बसा वं माय, भाकर निवते."

मनकर्णाबाईंनी देवळाच्या कळसाकडे पाहिले. मग भाकरीकडे. भाकरीकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"हा देवीचा गाव," त्या सावकाश म्हणाल्या. "इथं शिजलं ते सगळं प्रसादच. अन् प्रसादाला ताटकळत ठेवू नये. बस गं निर्मला."

इतका निर्मळ विचार शास्त्र कोळून प्यालेल्यांनाही सुचला नसता.

शालिग्राम दारात आला तेव्हा त्याची आई आणि बायको पाटावर बसून जेवत होत्या. तो तोंड उघडणार, तोच मालूबाईने त्याच्या हातात तांब्या दिला आणि पाणी वाढायला सांगितले. त्याने वाढले. अर्धे फुलपात्रात पडले, अर्धे जमिनीवर. पहिल्या खेपेला हे पुष्कळच म्हणायचे.

निर्मलेने भाकरीचा पापुद्रा मोडला. भक्कन वाफ आली. भरिताबरोबर घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले.

"काय गं, रडतेस?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"नाही, आत्याबाई. जीभ भाजली." हात भाजायची तिला सवय होती. जिभेवर ही वेळ कधी आली नव्हती.

"माझीबी," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक भाकर मागितली.