खोकल्याची माफी

दोन कोरडे ठसके, मग छातीतली घरघर, मग दमलेलं "माफ करा हं".

नळाखाली पांढरी बादली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.

माणसाला जे उद्या सोडून देता येईल, त्याचीच थट्टा करायची.

फाटकासमोर निळी गाडी. सकाळपासून इंजिन चालू. आत चौघं. कुणी उतरत नाही.

यातला खोकला नकल्याने काढलेला; बादली त्याच्या घरातली, गाडी त्याच्याच दारातली. रेडिओवर दर गुरुवारी तो पाणीमंत्र्यांचा आवाज काढतो. थट्टेचा नियम त्या कार्यक्रमाचा, निर्मात्या ताईंनी घालून दिलेला. मंत्री खोटं बोलले, बोला. फायली दाबून ठेवल्या, बोला. टक्कल, तोतरेपणा, आजार, बायकापोरं, नाही.

गेल्या गुरुवारी इस्पितळं जुलाबाच्या रुग्णांनी भरली होती आणि नकल्या मंत्र्यांच्या आवाजात म्हणत होता, "पाणी शुद्ध आहे." पुढचं वाक्य सुचेना. थेट प्रसारण. ती शांतता त्याने मंत्र्यांसारखं खोकून भरली. काचेपलीकडे ताईंनी हात वर केला, तोवर सगळे हसून मोकळे झाले होते.

परवा मंत्र्यांना फुप्फुसाच्या आजाराने दवाखान्यात हलवलं. आता सगळ्यांच्या मोबाइलवर तो खोकला फिरतोय, नुसता खोकला. पाण्याचं कुणी बोलत नाही.

फोन. अनोळखी, मऊ आवाज.

"कलाकार, आज रेडिओवर सांगून टाका. खोकलाही चुकला आणि पाणी खराब असल्याचंही खोटं होतं. मुलगी गोड आहे हो तुमची. दोन वेण्या घालते ना?"

बायकोने पडदा बोटभर सरकवला, परत लावला.

"सगळ्याचीच माग माफी. तुझं काय जातंय?"

"पाणी खराब आहे गं."

"मला सांगतोस? बादली मी भरते रोज. मी गाडीबद्दल बोलतेय."

तो मागच्या दाराने निघाला. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग टेबल ओढल्याचा.

स्टुडिओत ताई हेडफोनच्या वायरची गाठ सोडवत होत्या. सुटत नव्हती.

"खोकल्याची माफी मागायचीच. गाडी नसती तरी मागायला लावली असती मी."

"आणि पाण्याची?"

"ते मी कसं सांगू? गाडी माझ्या दारात नाहीये."

लाल दिवा लागला.

नकल्या स्वतःच्या आवाजात बोलला. तो आवाज इतका बारीक निघाला की ताईंनी बटण वर सरकवलं.

"गेल्या वेळी मी मंत्र्यांच्या आजाराची नक्कल केली. ते चूक होतं. त्यांची माफी मागतो. त्यांच्या घरच्यांचीही."

इथे थांबता आलं असतं. गाणं लावायला ताईंचं बोट तयार होतं. त्याच्या डोळ्यांपुढे दोन वेण्या. या वेळी शांतता त्याने तशीच राहू दिली.

"पाण्यावरून केलेली थट्टा मागे घेत नाही. पाणी खराब आहे. उकळून प्या."

टेबलावर मोबाइल उजळला. बायकोचा मेसेज.

"इंजिन बंद केलंय. उतरतायत."

दवाखान्यात जाईपर्यंत मंत्री स्वतः दर गुरुवारी हा कार्यक्रम आपल्या गाडीत ऐकायचे, आणि स्वतःच्या नकलेवर पोट धरून हसायचे.